लवू तांडेलाचं पाणी

"कोणी आणली ही माणसं हितं?"

लवू तांडेल ओरडला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि काशी मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. तिला वाटलं, दारात वर्गणीवाले आले. विळी आडवी टाकून ती आत आली, तर दारात कोणी नव्हतं. नवरा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत होता. कमरेला पट्टा, कानांवर मोठे काळे हेडफोन, आणि हातातला कंट्रोलर असा आवळलेला, की आता त्याचे दोन तुकडे होणार.

"अवो, झालं काय? कोण माणसं?"

"ही बग! ही!" त्याने पडद्यावर बोट आपटलं. "चाळीस होड्या! मोजल्या मी. चाळीस!"

काशीने पदराला हात पुसत पाहिलं. पडद्यावर मोरचुदाच्या रंगाचं पाणी होतं, आणि कापलेल्या फणसावर माशा बसाव्यात तशी त्यावर यानं बसली होती. कुठून कुठून हिरवे झोत पाण्यात घुसत होते. झोत लागला की खालून काहीतरी चमकत वर येत होतं, यानाच्या पोटात जात होतं, आणि तेवढं पाणी काळं पडत होतं. काशीला त्या खेळातलं काही कळत नसे. नवऱ्याचा चेहरा मात्र कळला. हा चेहरा तिने याआधी एकदाच पाहिला होता, दोन वर्षांपूर्वी, मिरकरवाड्याच्या जेटीवर, भर लिलावात.

"मृणाली! ये गो हिकडं जरा."

मृणाली आतल्या खोलीतून आली. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. आली ती हसतच आली.

"दिसलं का बाबा? मी संध्याकाळी सांगणार होते. वर बघा ना, वर काय लिहिलंय."

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्या पाण्याच्या ग्रहाचं नाव आलं होतं. इंग्रजी अक्षरांत. लवू तांडेल, मिरकरवाडा.

"सगळ्या जगात दिसतं हे," मृणाली म्हणाली. "ज्याने पहिल्यांदा शोधला त्याचं नाव. तुम्ही नोंदच केली नव्हतीत. मला वाटलं, तो इंग्रजीतला प्रश्न तुम्हाला कळला नसेल, म्हणून तुम्ही व्यायामाला गेलात त्या दिवशी मी करून टाकली. आणि चार दिवसांत बघा! ब्राझीलच्या एका मुलाने व्हिडिओ केला, लाखभर लोकांनी पाहिला."

लवूने हेडफोन काढले. सावकाश, आधी एक कान, मग दुसरा.

"मला इंग्रजी कळत नाय?"

"तसं नाही हो..."

"तीस वर्षं वायरलेस ऐकलंय मी. इंजिनाची पुस्तकं वाचून इंजिन खोललंय. 'नोंदवायचं का' एवढं मला कळत नाय? रोज विचारायचा तो. रोज मी 'नको' दाबायचो. रोज!"

"पण का?"

लवू खुर्चीचे हात धरून उभा राहिला. कमरेतून कळ गेली, ती त्याने दातांत धरली. मग मुलीकडे बघून म्हणाला, "तू पण विनोदच निघालीस."

मृणालीचं हसू जागच्या जागी थांबलं. काशीने "अवो!" म्हटलं, पण शब्द निघून गेला होता. मृणाली वळली, आत गेली, आणि कडी लावल्याचा आवाज आला. त्या घरात आतल्या खोलीची कडी दिवसा कधी लागत नसे.

विनोद हा लवूचा पुतण्या. त्याचं नाव त्या घरात दोन वर्षांत कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

लवू तीस वर्षं तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. होडी कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, वारा बघून परत कधी फिरायचं, सगळं तोच ठरवतो. भावाभावांचा एक ट्रॉलर होता. पण लवूच्या घराण्याची खरी मिळकत ट्रॉलर नव्हती. ती होती पाण्याखालचं एक खडप. बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खोल पाण्यात खडकाचा एक उंचवटा, दोन घरांच्या अंगणाएवढा. लवूच्या आज्याला सापडलेला. जाळं तिथे फाटतं, म्हणून तिथे फक्त गळ टाकायचा, तोही वर्षातून दहा-बारा वेळा, आणि पोटात अंडी असलेलं मासळं वर आलं तर हात जोडून परत सोडायचं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, आणि दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत आल्या, की होडी खडपावर. आज्याने त्या लवूच्या बापाला दाखवल्या, बापाने लवूला. कागदावर नाही, तोंडाने नाही.

तीन वर्षांपूर्वी जाळं ओढणाऱ्या विंचचा दोर तुटून लवूच्या कमरेत बसला. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, समुद्र विसरा. लवूला मुलगा नव्हता. मग कमरेला पट्टा बांधून तो एकदा, शेवटचं म्हणून, होडीत बसला आणि विनोदला त्या खुणा दाखवून आला. विनोदने मान डोलावली. त्याच वेळी खिशातल्या मोबाईलमध्ये त्याने ती जागा टिपून घेतली.

पुढच्या हंगामात लवू जेटीवर सहज फिरायला गेला, तर लिलावात पाच होड्यांची तांबोशी मासळी. एकेक परातीएवढी, जुनी, पाठीवर व्रण असलेली. एवढी तांबोशी त्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणी होती. दिवे लावणाऱ्या मोठ्या नौका तिथे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. उजेडाला भुलून मासळी खडप सोडून वर आली आणि खालून जाळं आवळलं. आठ दिवसांत तीन पिढ्यांचं खडप धुऊन निघालं.

"काका, आता कोण खुणाबिणा बघतो?" विनोद तेव्हा हसत म्हणाला होता. "ग्रुपवर टाकली जागा. सगळ्यांचंच पोट भरू दे की. देवाचा समुद्र हाय."

देवाचं नाव त्याने मध्ये आणलं नसतं, तर लवूने कदाचित त्याच्यावर हात उगारला नसता.

त्यानंतर लवू घरी बसला. भिंतीकडे बघत बसायचा. तेव्हा मृणालीने त्याला हा खेळ लावून दिला. आकाशाचा खेळ. एक यान, काळोख, आणि न संपणारे तारे. आठ दिवस त्याने शिव्या घातल्या. नवव्या दिवशी त्याने मृणालीला विचारलं, "ह्यो बाण काढता येतो काय? वाट दाखवणारा?"

"काढता येतो. पण मग हरवाल."

"हरवू दे."

त्याने बाण काढला, नकाशा काढला, एका उडीत पोचवणारं बटण कधी दाबलं नाही. तो तारे बघून जायचा. ही लाल जोडी त्या निळ्या धुक्याच्या टोकावर आली, की डावीकडे. पांढरा एकटा तारा मागच्या खिडकीच्या मधोमध आला, की सरळ. तीन तीन दिवस एका वाटेवर. यान वळलं की तो खुर्चीत कलायचा आणि काशी म्हणायची, "सांबाळा, खुर्ची बुडंल." हेडफोन कानाला लागले की त्याला काशी ऐकू यायची नाही, रस्त्यावरची रिक्षा ऐकू यायची नाही, आणि कमरेतली कळही, देवाची कृपा, दूर कुठेतरी जाऊन बसायची. मृणाली पलीकडच्या टेबलावर आपलं काम करत असायची. तिची बोटं चालू, त्याची बोटं चालू. दुपारी जेवायला उठायचे तेव्हा दोघांचे डोळे सारखेच लाल.

असाच सात महिन्यांनी त्याला तो ग्रह सापडला. नोंदवायचं का, खेळाने विचारलं. लवूने 'नको' दाबलं. ज्याच्या पोटात मासळी आहे ती जागा ओरडून सांगायची नसते, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता तिथे चाळीस होड्या होत्या.

बाप-लेकीचं बोलणं बंद झालं ते नऊ दिवस. घरात ताटल्या आपटल्या गेल्या, दारं आपटली गेली. काशी दोघांच्या मध्ये ताट घेऊन फिरायची आणि देवाला म्हणायची, घरात एक तरी शांत डोक्याचं द्यायचं होतंस. कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं. लवू दिवसातून दोनदा ते फडकं उचलायचा, बंद पडद्यात आपलाच चेहरा बघायचा, आणि परत टाकायचा.

दहाव्या दिवशी वाडीतल्या विठ्ठलमंदिरात सप्ताह बसला. हेदवीच्या योगिनीताईंचं कीर्तन होतं. योगिनीताई साठीच्या. आवाज असा, की नमनालाच मागची माणसं सरसावून पुढे यायची. लवू पंधरा वर्षं त्यांच्या मागे टाळ धरायचा. कंबर गेल्यावर त्याच्यासाठी खांबाला टेकून एक खुर्ची ठेवायला लागले होते, आणि त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नसे.

त्या संध्याकाळी गजर सुरू झाला आणि ताईंनी दुसऱ्याच आवर्तनाला हात वर केला. तबला थांबला, पेटी थांबली.

"तांडेल," ताई वळून म्हणाल्या, "तो टाळ आहे. नारळ नव्हे. फोडायचा नाही."

मंडप हसला. लवू हसला नाही. त्याने टाळ मांडीवर ठेवला आणि पुढचं सगळं कीर्तन हात बांधून ऐकलं. आख्यान होतं बापाच्या मांडीवरून उठवलेल्या पोराचं. पाच वर्षांचं पोर, रागाने उठतं आणि म्हणतं, मला अशी जागा हवी जिथून मला कोणी उठवू शकणार नाही. ताईंनी त्या पोराचा राग असा उभा केला, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लवू खुर्चीत पुटपुटला, "बरोबर हाय. रागवायलाच पायजे." शेजारच्याने वळून पाहिलं, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "काय बगतोस? बरोबरच हाय."

आरती झाली, प्रसाद झाला. ताई कोपऱ्यात आल्याचं गरम पाणी घेऊन बसल्या. त्यांनी हाताने बोलावलं.

"कोणावर रागावलात एवढे?"

"पोरीवर."

"काय केलं तिने?"

लवूने सांगितलं. आधी तुटक, मग भडाभडा. ताईंना खेळ कळला नाही. त्या म्हणाल्या, "थांबा. मला आधी जागा सांगा. कशी आहे?"

"कशी म्हंजे?"

"म्हणजे पोचलात तुम्ही. पुढे?"

लवूने मान खाली घातली. "पोचायच्या आधी दिवे बंद करायचे. इंजिनाचा आवाज कमी. मग पाणी खालून वर येतं, आपण खाली जात नाय, असं वाटतं बगा. जमीन नायच. नुसतं पाणी. मोरचूद असतो ना, त्या रंगाचं. मग यानातून उतरायचं, पाण्यात. आपलाच श्वास ऐकू येतो, दुसरं काय नाय. आणि खाली एक खडप हाय, लांबलचक. त्याच्या कडेनं ती येतात."

"कोण?"

"नाव नाय ठेवलं मी. वावभर लांब, काचेसारखी. दिसतच नायत. आपल्या आंगावरनं जातात तरी दिसत नायत. फक्त वळताना, एकदम सगळी, उजळतात. हज्जारो. वळली, की उजेड. सरळ झाली, की काळोख. मी नुसता बसून ऱ्हायचो. कदी काय काडलं नाय तिथनं. एक पन नाय."

"परत सांगा," ताई म्हणाल्या. "ते वळतात तेव्हाचं."

त्याने परत सांगितलं. या वेळी हातांनी सांगितलं. आल्याचं पाणी निवून गेलं. सतरंज्या गुंडाळणारा माणूस दोनदा येऊन परत गेला.

"माझ्या डोळ्यांसमोर उभं केलंत," ताई म्हणाल्या. "मृणालीला सांगितलं होतंत हे, असं?"

"तिला काय सांगायचं? ती मागंच बसलेली असते."

"मागे बसलेल्याला न सांगता सगळं कळत असेल," ताईंनी पेला उचलला, "तर मग मी घसा कशाला फोडते, तांडेल?"

लवू उठला. नमस्कार केला, पण तो नेहमीचा नव्हता. घरी येईपर्यंत तो बडबडत होता. ह्यांना काय कळतंय, ह्यांना काय कळतंय. चढणीवर कंबर धरली तेव्हा थांबला, आणि तिथेही उभ्या उभ्या बडबडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाली आपणहून खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात लॅपटॉप.

"कंपनीला लिहिलं होतं मी," ती बापाकडे न बघता म्हणाली. "नोंद काढून टाका म्हणून. तीनदा लिहिलं. त्यांचं उत्तर आलंय. एकदा केलेली नोंद काढता येत नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं."

"काडून काय उपेग? ऱ्हायलंय काय तितं?"

"काही नाही. बघितलं मी. पाणी आहे फक्त."

"मग झालं. देवाचं आकाश हाय, सगळ्यांचं पोट भरू दे."

मृणालीने लॅपटॉप टेबलावर ठेवला. हळू ठेवला. मग तिचा आवाज चढला.

"मला विनोद म्हणायचं नाही."

"म्हणणार. काय फरक हाय? त्यानं सांगितलं, तू सांगितलंस!"

"फरक आहे! विनोदला तुम्ही सांगितलं होतंत, ही जागा कोणाला दाखवायची नाही. त्याने शब्द मोडला. मी काय मोडलं? मला कधी काही दिलंत का मोडायला?"

"एवढं कळत नाय? तांडेलाच्या घरात जन्मून..."

"कुठून कळणार? हे तुम्ही होडीत शिकवता. होडीत मला कधी घेतलंत? मी पाच वर्षांची होते. विनोद सात. दोघं जेटीवर आलो होतो. त्याला काखेत धरून तुम्ही होडीत घेतलंत आणि मला बर्फाच्या पेटीवर बसवून गेलात. संध्याकाळपर्यंत बसले मी तिथे. आईने शोधून काढलं. ते खडप कोणत्या दिशेला आहे, हेसुद्धा मला आजपर्यंत माहीत नाही. त्या चोराला माहीत आहे. त्याच्या ग्रुपवरच्या दोनशे माणसांना माहीत आहे. मला नाही!"

"बाईमानूस होडीत..."

"मग बाईमाणसाने होडीतले नियम मोडले म्हणून ओरडू नका!"

लवूने कंट्रोलर उचलला. फेकण्यासाठीच उचलला होता. हात मागे गेला आणि कमरेत अशी चमक निघाली, की हात तिथेच राहिला, तोंड उघडं राहिलं, आणि तो एका बाजूला कलायला लागला. मृणालीने धावत येऊन त्याला काखेत धरलं.

"सोड."

"नाही सोडत. पडाल."

"सोड म्हंतो ना."

"ओरडा तुम्ही. ओरडा. पण सोडणार नाही."

दोघं तशीच उभी होती, एकमेकांना घट्ट धरून. काशी दारात आली, तिने पाहिलं, आणि पडवीत निघून गेली. बऱ्याच वेळाने लवूला खुर्चीत बसता आलं. कंट्रोलर त्याच्या हातातच होता. तो त्याने मांडीवर ठेवला. कपाळावरचा घाम पुसला. मुलीकडे बघायला त्याला काही जमेना, म्हणून तो तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "उद्या सकाळी सहाला तयार ऱ्हा. साडीबिडी नको."

"साडी मी कधी नेसते?"

"तेच सांगतोय."

रघूची छोटी होडी होती, मागे मशीन लावलेली. रघूही एके काळचा तांडेल, लवूच्याच वयाचा. मृणालीला जेटीच्या पायऱ्या उतरताना बघून त्याने हातातलं काम थांबवलं.

"पोरगी पण?" त्याने विचारलं.

"माजी पोरगी," लवू म्हणाला. रघूने हात दिला, आधी तिला, मग त्याला.

होडी सुटणार तेवढ्यात वरून हाक आली. विनोद. ट्रॉलरवर बर्फ चढवत होता. गुडघाभर बूट, तोंडात तंबाखू.

"काका! कमर मोडलेली, आणि कुटं चाललाव? खडपाकडं नाय ना? तितं काय नाय आता. मी गेलेलो मागच्या महिन्यात. चिटपाखरू नाय."

लवू होडीत उभा राहिला. रघू म्हणाला, "बसा तांडेल, होडी हालते." लवू बसला नाही.

"तितं काय नाय, हे तू मला सांगतोस?" त्याचा आवाज सगळ्या जेटीवर गेला. टोपल्या भरणाऱ्या बायका थांबल्या. "मेल्या, तूच सांगतोस? घर जाळून, वर येऊन सांगतोस, काका, थंडी हाय, शेकोटी विझली? तुजं तोंड बगायला लागतं म्हणून मी दोन वर्षं ह्या जेटीवर पाय ठेवला नाय. माजी जेटी, आणि मी घरात! आजपासनं रोज येनार. रोज. तू तोंड लपवायचं, मी नाय."

विनोदने हसायचा प्रयत्न केला. बाजूला बघितलं. त्या बायकांपैकी कोणी हसलं नाही. तो बर्फाच्या लादीकडे वळला.

रघूने मशीनची दोरी ओढली आणि होडी सुटली.

तासाभराची वाट होती. कार्तिकातला समुद्र, तेल ओतल्यासारखा सपाट. मृणालीने नाळेवरचा, होडीच्या पुढच्या टोकाचा, दोर दोन्ही हातांनी धरला होता. पहिली अर्धी वाट तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती एकदाही मागे बघून म्हणाली नाही, की परत फिरवा. लवूने ते पाहिलं. त्याच्या मनातला राग गेला नव्हता. पण आता तो कोणावर ठेवायचा, ते त्याला कळत नव्हतं. विनोदवर पुरेसा होता. उरलेला फिरून फिरून त्याच्याच मांडीवर येऊन बसत होता.

"हळू," तो एका ठिकाणी म्हणाला. मग, "जरा डावं." मग, "बंद कर."

मशीन थांबलं. एकदम शांत झालं. लवूने पिशवीतून दोरीचं भेंडोळं काढलं. टोकाला शिशाचं वजन, वर एक गळ, गळाला कोळंबी. त्याने दोरी सोडली आणि मृणालीला म्हणाला, "बोटावर घे. अशी. गच्च नको."

दोरी उतरत गेली. मग थांबली.

"आता उचल, आणि सोड. काय लागलं?"

"टक् झालं."

"तो खडक. आता रघू होडी दोन वल्ही सरकवंल. परत कर."

रघूने वल्हं मारलं. मृणालीने दोरी उचलली, सोडली.

"आता काही नाही वाजलं. नुसतं बसल्यासारखं झालं."

"ती वाळू. खडप संपलं तितं."

रघूने होडी परत जागेवर आणली. अर्धा तास दोरी पाण्यात होती. एकदाही ओढ लागली नाही. वर काढली, तेव्हा गळाला कोळंबी जशीच्या तशी होती, पाण्याने जरा फुगलेली. कोणी चाखूनही पाहिली नव्हती. लवूने ती गळातून सोडवली आणि पाण्यात टाकली. ती खाली जाताना दोघं बघत राहिली.

"सांगायचं नाय," लवू म्हणाला. "कोणाला म्हंजे कोणालाच नाय. लिवायचं नाय. आयशीला पन नाय. मी मेल्यावर पन नाय."

"पण सगळ्यांना माहीत आहे बाबा. आणि खाली काही नाही."

"असू दे. नसू दे. तू सांगायचं नाय."

मृणालीने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत अजून कालचा राग होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"हिकडं ये. पाठ माज्याकडं कर."

ती सरकून त्याच्यापुढे बसली. लवूने हात समुद्रात धुतले, सदऱ्याला पुसले. मग मागून तिचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं, त्याच्या बापाने त्याचं धरलं होतं तसं. ते वळवलं, जरासं किनाऱ्याकडे, थांबवलं. तिच्या नजरेला एक टेकडी आली, आणि त्या टेकडीमागून दुसरं काहीतरी. ते एका रेषेत येईपर्यंत त्याने तिचं डोकं हलू दिलं नाही. मग हळूच दुसऱ्या बाजूला वळवलं. त्या खुणा कोणत्या, ते इथे सांगायचं कारण नाही. त्याने त्यांची नावं घेतली नाहीत. मृणालीनेही विचारली नाहीत. बघितलं हे कळावं म्हणून तिने फक्त एकदा मान हलवली. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा दाखवायचं असतं.

मागे रघू वल्हं मांडीवर घेऊन बसला होता. जागा त्यालाही दोन वर्षांपासून ठाऊक होती, साऱ्या मिरकरवाड्याला होती. तरीही लवूचे हात वर उठताना दिसले, तशी त्याने फळीवरची बैठक बदलली, किनाऱ्याकडे पाठ केली, आणि तो मोकळ्या समुद्राकडे बघत राहिला.